बाहेरचं जेवण

"हा हमस आहे की भिंतीत भरायची लांबी?" नवऱ्याने पावाचा तुकडा वाटीत उभा केला. तो उभाच राहिला.

वेटरने तुकड्याकडे आदराने पाहिलं. "छोले वाटून लेबनीज पद्धतीने केलाय, काका."

"उगाच लेबनॉनची बदनामी करू नकोस."

बायको शांतपणे पाणी पीत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला बाहेर जेवायला नेण्याची त्याची ही पहिलीच वेळ. "एकदा तरी बाहेर बसून जेवू या," असं टुमणं तिनेच लावलं होतं. शर्टसुद्धा तिनेच इस्त्री करून दिला होता.

हॉल जवळपास रिकामा होता. कोपऱ्यातलं एक कुटुंब निम्मं ताटात टाकून उठलं. जाताना त्यांच्यातल्या आजीने या दोघांकडे पाहून, कोणी गेल्यावर हलवतात तशी मान हलवली.

फलाफल आलं. नवऱ्याने चावलं, थांबला, जिभेने दात चाचपले.

"हे कधी तळलंय?"

"सकाळी. आमच्याकडे सगळं सकाळीच होतं. आम्ही फक्त गरम करून वाढतो."

"आणि चाखतं कोण?"

"कोणीच नाही. स्वयंपाकी म्हणतो, मला नजरेनेच कळतं."

"नजरेने मीठ कळतं? बोलव त्याला. त्याने माफी मागितल्याशिवाय मी ही खुर्ची सोडणार नाही."

वेटरने बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे.

"तो नाहीये, काका. बायकोला घेऊन बाहेर जेवायला गेलाय."

"बघ," नवरा बायकोला म्हणाला. "स्वतः बाहेर जेवतो. हुशार आहे."

"अहो, हळू बोला."

"का म्हणून? तुझ्यासारखे गिळून गप्प बसतात, म्हणून असल्यांचं फावतं."

वेटर जरा वाकला. "खरं सांगू? गिऱ्हाईक टिकत नाही. हॉटेल बंद पडायची वेळ आलीय. मालकीणबाई त्याला काढायचं म्हणतायत, पण त्यांचा जीव होत नाही. तुम्ही असता तर काय केलं असतं?"

बायकोने ग्लास खाली ठेवला.

"आजच्या आज नारळ दिला असता," नवरा म्हणाला.

"एक संधीही नाही?" बायकोने विचारलं.

नवऱ्याने दुसरं फलाफल टेबलावर टाकलं. ते उसळलं आणि घरंगळत खाली गेलं. "बरं, एक. तोंडाने माफी मागितली तर राहू दे. नाही मागितली तर नारळ."

"शब्द दिलात हं."

"दिला."

"मग ठरलं," बायको म्हणाली.

खुर्ची न सोडणारा नवरा उठला. "थांबा, आलाय का तो, मीच आत जाऊन बघतो." आणि तरातरा स्वयंपाकघरात शिरला.

आत एक पातेलं आपटलं. मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून नवऱ्याचं डोकं बाहेर आलं.

"त्या टेबलावरच्या गिऱ्हाइकाला सांग," एप्रनची नाडी बांधत तो वेटरला म्हणाला, "इतकी वर्षं मी इथे रांधतोय. माफीबिफी मिळणार नाही. चव कळत नसेल तर घरी जेवा म्हणावं."

वेटर बायकोकडे वळला. "मग देऊ का नारळ, मालकीणबाई?"