देवळीतला कप

लंकेच्या पाव्हण्यानं माणिकरावांच्या पोत्यातली एक मिरची उचलली, देठ मोडला आणि सुपारी चघळावी तशी चावून खाल्ली. ओसरीवरचा गाव श्वास रोखून बघत राहिला. पाव्हण्याच्या डोळ्यांत पाणी नाही की नाकावर लाली नाही. त्यानं मान डोलावली, तेव्हा कुठं माणिकरावांनी छाती भरून हवा घेतली.

"माल पसंत आहे म्हणतात," परभणीहून जीपमध्ये सोबत आलेले सरकारी साहेब किशनराव म्हणाले. "दोन्ही सरकारांचा करार झालाय. इथली मिरची मद्रासवरून बोटीनं कोलंबोला जाणार. पण कोणाची घ्यायची, ते हेच ठरवणार."

म्हणजे सही होईपर्यंत पाव्हणा देव. त्यात नाव गुणतिलके. ते कानावर पडताच माणिकरावांनी त्याला मनातल्या मनात चांगल्या घराण्यात बसवून टाकलं होतं. इतकं भारदस्त नाव असल्यावर जात काय विचारायची? आल्या आल्या गुलाबाची नक्षी असलेल्या सहा हैदराबादी कपांमधला जोड बाहेर निघाला, आणि गुडघ्याला गुडघा लावून दोघांचा चहा झाला. ते कप धुवायला आतही गेले.

आता पाव्हणा अंगणाच्या कडेला ठेवलेल्या दुसऱ्या पोत्याकडे वळला. पोत्यामागे सटवाजी उभा होता. एकट्याचा माल कमी पडेल म्हणून माणिकरावांनीच त्याला बोलावलं होतं, अर्थात ओसरीच्या खाली. सटवाजीच्या खिशाला बुद्धाचा बिल्ला होता.

पाव्हण्याची नजर मिरचीवरून बिल्ल्यावर गेली. त्यानं हात जोडले. "नमो बुद्धाय."

सटवाजी दचकला. मग त्याचेही हात जुळले. "नमो बुद्धाय!"



"साहेब बौद्ध आहेत," किशनराव हळूच म्हणाले. "पिढ्यान्‌पिढ्या."

माणिकरावांनी कप धुवायला गेले त्या दाराकडं बघितलं. "आधी सांगायचं न्हाई व्हय, साहेब?"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

पाव्हण्याला आता सटवाजीसोबत चहा हवा होता. नाही कोण म्हणणार? सही अजून खिशातल्या पेनातच होती. "सटवाजी, घ्या की चहा," माणिकराव म्हणाले. एरवी तोडून हाक मारलेल्या त्या नावाला 'जी' आणि 'घ्या' एकाच दिवशी मिळाले.

सटवाजीनं रोजचंच केलं. बाहेरच्या भिंतीतल्या देवळीतून कान तुटलेला कप काढला, आपल्या हातानं विसळला आणि पुढं धरला. माणिकरावांच्या बायकोनं, रुख्मिणीनं, वरून धार सोडली. किटलीचं तोंड कपाला लागलं नाही.

पाव्हणा बघत होता. त्यानं किशनरावांना काहीतरी विचारलं. किशनरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि खाली बघत उत्तर दिलं.

"काय म्हनायलेत?" माणिकरावांनी विचारलं.

"हा कप वेगळा का, म्हणाले. मी म्हटलं, बौद्धांचा वेगळा असतो."

"मंग?"

"मग माझा कुठंय, म्हणतात."

पाव्हण्याचा चेहरा शांत होता. तो हसत नव्हता, रागावलेलाही नव्हता. देवळीकडं हात करून वाट बघत उभा होता. रुख्मिणीच्या हातात किटली तशीच लटकली.

सटवाजीनं अर्धा चहा पिऊन कप धोतराच्या सोग्याला पुसला आणि पुढं केला. पाव्हण्यानं दोन्ही हातांनी घेतला, उरलेला चहा संपवला आणि तळाशी काही लिहिलंय का ते बघावं तसा आतून नीट बघितला. मग पेन काढलं आणि दोन्ही पोत्यांच्या कागदांवर सही केली.

जीप धुरळ्यात गेली. सही झाली म्हणून कोणी टाळी वाजवली नाही. सटवाजीनं कप उपरण्यात गुंडाळून काखेला मारला.

"अरे, तो ठिव की जाग्यावर!" माणिकराव ओसरीवरूनच ओरडले.

"ह्यो न्हाई आता ठिवत, मालक. पाव्हण्याचा उष्टा हाय. घरी बुद्धाच्या फोटोपाशी ठिवतो."

तो गेला. माणिकराव रिकाम्या देवळीकडं बघत राहिले. एवढ्यात रुख्मिणी आतून ताट घेऊन आली. ताटात सहा गुलाबाचे कप, धुतलेले, पुसलेले, सगळे एकसारखे.

"अवं," ती दबक्या आवाजात म्हणाली, "पाव्हण्यानी सकाळी पिलेला ह्यातलाच एक हाय. वळखू येईना. देवळीत कोन्ता ठिवू?"