एथें वाट लागते

नकाशाचे वीस कागद होते. एकोणीस जमिनीवर, पुठ्ठ्यांवर चिकटवलेले, विसावा नंदिताच्या हातात. त्यावर सात आडवे, दहा उभे असे सत्तर चौकोन होते. प्रत्येक चौकोन एक इंचाचा हवा होता, पण पानात मावावं म्हणून प्रिंटरने सगळं चित्र केसभर आखडलं होतं. तिने तो कागद फाडला आणि पूर्ण मापावर पुन्हा छापला. या नकाशात उमेशला बोट ठेवायला जागा राहता कामा नये.

कुंभकोणमच्या या तंजावरी मराठी घरात दर रविवारी दुपारी खेळ रंगायचा. एकजण सूत्रधार होऊन नकाशा मांडायचा, बाकीचे आपापल्या पात्राची सोंगटी त्यावरून चालवायचे. ज्याचं पात्र मरेल, त्याने पुढचा नकाशा करायचा. नंदिताचं पात्र म्हणजे एक धनुर्धारी बाई. दोन वर्षं तिने तिला जपलं, वाढवलं होतं. मागच्या डावात लांडगे पाठी लागले. आतेभाऊ उमेश किल्ल्यात आधी पोचला.

"कवाड लावूं नको, आलें मी!" नंदिता ओरडली.

त्याने लावलं. लांडग्यांनी धनुर्धारी बाईचा फडशा पाडला.

"कवाड म्हणजे काय, मला काय ठाऊक?" उमेश हसत म्हणाला. "तुमची ही मराठी ऐकायला पुण्यात लोक तिकीट काढतील. दार म्हण ना, दार!"

त्याची आई, म्हणजे नंदिताची आत्या, रोज संध्याकाळी कवाडच लावायची. सहा वर्षं पुण्यात शिकलं म्हणून काय आईचा शब्द विसरतो माणूस? नंदिता भांडली नाही. दारासुरमच्या साडीच्या दुकानातून तिने पुठ्ठे मागून आणले आणि आखायला बसली.

रविवारी नकाशावर भुयार होतं आणि भुयारात पाणी चढत होतं. प्रत्येक फेरीला चौकोनांची एक ओळ बुडायची. उमेशचा सरदार आणि नंदिताच्या चुलत बहिणीची, श्रीलक्ष्मीची, वैदीण जीव घेऊन पळत एका फाट्यावर पोचले. उजवीकडे रुंद, कोरडा बोगदा. डावीकडे अरुंद फट, आणि तिच्यावरच्या दगडात कोरलेली अक्षरं : एथें वाट लागते.

उमेशने मांडीवर थाप मारली. "एथें! नंदे, दगडावर तरी शुद्ध लिही गं. आणि धमकी किती उघड! म्हणे वाट लागते!"

श्रीलक्ष्मीला हसण्यासारखं काही दिसलं नाही. तिने वैदिणीला सरळ फटीत घातलं.

"अय्यो, गेली बिचारी," उमेश म्हणाला, आणि त्याने सरदाराला उजवीकडे पिटाळलं.

तीन फेऱ्यांनी त्याचा बोगदा कातळाला जाऊन भिडला. तोवर वैदीण डोंगरापलीकडे मोकळ्या वाऱ्यात उभी होती. उमेशने सरदाराला वळवलं. आता तो हसत नव्हता. फासा मुठीत जोरजोरात खुळखुळवत होता. पाणी समोरून ओळीमागून ओळ गिळत आलं.

"ही फसवणूक आहे," तो म्हणाला. "तिकडे जाऊ नका असं तूच लिहिलंस!"

"कुठे लिहिलं? वाट लागते, असं लिहिलं. धमकी नव्हे, उमेशदादा. इथून रस्ता सुरू होतो, असा पत्ता होता तो."

"पण वाट लागणं म्हणजे..."

"आत्याला विचार."

श्रीलक्ष्मीने तोंडावर पदर धरला. उमेशने फासा टाकला. आकडा एकच आला. पुढची ओळ बुडाली आणि तिच्यासोबत सरदारही. नंदिताने आपल्या हाताने सोंगटी आडवी केली, शेजारी पट्टी ठेवली आणि वाकून पाहिलं.

सरदारापासून 'एथें'पर्यंत एकावन्न मिलिमीटर, जेमतेम दोन चौकोन.