कळ्या खुडायचा सल्ला

“अहो, जरा सरका ना, मागे निळं येऊ दे!”

सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन आटोपलं आणि मुलुंडच्या त्या सोसायटीतली झाडून सगळी मंडळी गेटच्या उजव्या वाफ्यापुढे फोटो काढायला लोटली. उजवा वाफा लताचा, डावा नलिनीचा. दोन्हीकडे निळ्या तुऱ्यांचा साल्व्हियाच. पण डावीकडे कुणी ढुंकूनही बघेना.

नलिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. रोपं कुणाची? तिची! दह्याच्या रिकाम्या डब्यांत बी पेरून तिनेच वाढवलेली. लता पावसाळ्यानंतर साकीनाक्याहून इथे राहायला आली आणि चार बायकांदेखत म्हणाली, “नलूताई, माका पण दे ना गो थोडी.” आता चारचौघींत नाही कसं म्हणणार? नलिनीने फेकायला काढलेली मरतुकडी रोपं तिच्या ओंजळीत टाकली. आणि आज तीच रोपं तिच्या नाकावर टिच्चून डोलत होती!

नुसत्या फोटोंचं असतं तर एक वेळ तिने गिळलं असतं. पण सव्वीस जानेवारीला ज्याचा वाफा सरस, त्याला सोसायटी झेंड्याभोवतीची अख्खी बाग लावायला देणार होती. समोर टॉवर उभा राहिल्यापासून नलिनीच्या घरात उन्हाची तिरीपसुद्धा येत नव्हती. गॅलरीतली तुळसही तिने रडत रडत देवळात नेऊन दिली होती. ती बाग तिला हवी होती. हवी म्हणजे हवीच होती.

म्हणूनच तर तिने लताला रोपांबरोबर एक सल्लाही दिला होता. “कळी दिसली की खुडून टाकायची. मार्गशीर्षातले गुरुवार संपेपर्यंत एकही ठेवायची नाही. दयामाया करायचीच नाही, कळलं?”

लता बापडी खुडत राहिली. प्रत्येक कळीला “रागावू नको हां, बाय” म्हणायची आणि मग खुडायची. नलिनी जिन्याच्या खिडकीतून बघायची आणि गालातल्या गालात हसायची. खुड बाई, खुड! सव्वीस जानेवारीला वाफ्यात नुसता पाला दाखव सगळ्यांना.

स्वतःच्या झाडांना मात्र नलिनीने कुणाला बोट लावू दिलं नाही. दिवाळीतच तिच्याकडे पहिला निळा तुरा आला होता. झाडं सरळसोट वाढत गेली, वाढली आणि आडवी पडली. आता ती काठ्यांना सुतळीने बांधलेली होती, आणि टोकाला दोन-चार विटके तुरे उरले होते.

“बाग लताताईंची!” सेक्रेटरी भाऊरावांनी जाहीर केलं. “काय हो, खत कुठलं घातलंत?”

“खत कसलं? माका काय कळतंय त्यातलं,” लता लाजली. “नलूताईने सांगितलं तसं केलं. कळी दिसली की खुडली. पहिल्या दिवशी रडूच आलं माका. पण खुडलं की तिथनं दोन फांद्या फुटायच्या. झाडं ही अशी डेरेदार झाली!”

“वा, नलिनीताई!” भाऊरावांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनीच वाजवल्या. “मग बाग दोघींची! गुरू आणि शिष्या!”

बाग मिळाली. नलिनीला हसू येईना. लताने तिचा हात धरला आणि कौतुकाने तिला ओढत डाव्या वाफ्यापाशी नेलं. सगळी मंडळी मोबाइल सावरत मागोमाग आली.

लता सुतळीने बांधलेल्या त्या काटकुळ्या झाडांकडे बघत राहिली. मग तिने नलिनीकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, संशय नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

“नलूताई, माका एवढं बजावून सांगितलंस... मग तू तुझ्या का नाही खुडल्यास गो?”