आ कर, आजी

डॉक्टर खूश होते. लॉटरी लागल्यासारखे खूश.

"मावशी, तुमच्या पोटानं आम्हाला केवढं दिलंय, तुम्हाला कल्पना नाही," असं म्हणत त्यांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर रंगीत ठिपके होते. हिरवे एकीकडे, जांभळे दुसरीकडे. लग्नात रुसलेली दोन्हीकडची मंडळी बसावी तसे.

कारखान्यात तिला सगळे इस्त्रीबाई म्हणत. शिवून आलेल्या शर्टांवर वाफेची इस्त्री फिरवण्यात तिचा जन्म गेला होता. शेजारच्या खुर्चीत काजवाली होती, त्याच शर्टांना काजं करणारी. दोघींचे समाज वेगळे, घरातली बोली वेगळी, देवही वेगळे. साखरेचं दुखणं मात्र एक, आणि दुपारचा डबाही एक. मागे भिंतीला टेकून इस्त्रीबाईचा मुलगा उभा होता. त्याच्या कंबरपट्ट्याला एक किल्ली लटकत होती.

"हिरवे म्हणजे या मावशींच्या समाजातले लोक," डॉक्टरांनी काजवालीकडे बोट केलं. "जांभळे तुमचे. पोटात जंतू सगळ्यांच्याच असतात. पण तुमच्याकडचे बरेच वेगळे निघाले. पथ्य सगळ्यांना एकच दिलं होतं. हिरव्यांची साखर उतरली. जांभळ्यांतल्या बहुतेकांची जागची हलली नाही. जंतूंमुळेच असं छातीठोक नाही सांगता येत अजून, पण काहीतरी संबंध दिसतोय. मजा आहे की नाही?"

"कसली मजा?" इस्त्रीबाईनं विचारलं.

"म्हणजे... हे अनपेक्षित होतं."

"कुणाला?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मी पाळलं होतं पथ्य," ती म्हणाली. "हिच्याच डब्यातून जेवले, घास मोजून. हिची साखर उतरली, माझी नाही. तेव्हा याच खुर्चीत बसून तुम्ही काय म्हणालात?"

"मावशी, जुनं कशाला उकरायचं..."

"चोरून खाते म्हणालात. माझ्या पोटच्या पोरासमोर. 'तुमच्या लोकांना जिभेवर ताबाच नाही' म्हणालात."

"मी तेव्हाच कंठशोष केला होता," काजवाली म्हणाली. "ही बया माझ्या डोळ्यांदेखत अर्धपोटी उठते म्हणून. तर म्हणे, मैत्रीण आहे, पाठीशी घालणारच."

"त्या वेळी आमच्याकडे पुरावा नव्हता," डॉक्टर म्हणाले.

"चोरीचा होता?"

मुलगा पुढे आला. "आई, घरी जाऊन बोलू. इथे तमाशा नको."

ती खुर्चीतच वळली. "तमाशा? तू स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप ठोकलंस. माझ्या कपाटाला. घरी कोणी आलं तर चहाच्या साखरेसाठी मी सुनेपुढे हात पसरला. तेही चालवून घेतलं. पण पोरीला काय शिकवलंस?"

मुलगा फरशीकडे बघायला लागला.

"तो नाही सांगणार. मी सांगते, डॉक्टर. याची लेक पाच वर्षांची. मी कामावरून आले की धावत येते. शेजारी म्हणतात, काय जीव आहे नातीचा! ती गळ्यात पडत नाही माझ्या. 'आ कर, आजी' म्हणते आणि तोंडाचा वास घेते. गोड वास आला तर बाबांना सांगायचं. सांगितलं की बक्षीस म्हणून बिस्कीट. त्याच कपाटातलं."

काजवालीनं पदर तोंडाला लावला. ही गोष्ट तिलाही आजच कळत होती.

"तुझ्याच भल्यासाठी केलं गं," मुलगा म्हणाला. "डॉक्टर म्हणाले म्हणून केलं."

"डॉक्टर म्हणाले. आणि आई म्हणत होती ते?"

डॉक्टरांनी तेवढ्यात खण उघडून पांढऱ्या झाकणाची प्लास्टिकची डबी टेबलावर ठेवली.

"झालं गेलं गंगेला मिळालं, मावशी. पुढच्या टप्प्यासाठी आणखी एकदा शौचाचा नमुना लागेल. उद्या सकाळी आणून द्या. तुमच्याच लोकांचं भलं होईल."

"आणि माझं? मी आता खायचं काय?"

"ते ठरायला वेळ लागेल. संशोधन आहे शेवटी. तोवर जुनंच पथ्य चालू ठेवा."

इस्त्रीबाईनं डबी उचलली, झाकण फिरवून काढलं आणि उघडी डबी मुलासमोर धरली.

"टाक."

"काय?"

"किल्ली."

"आई, डोकं फिरलंय का तुझं?"

"टाक म्हणते ना."

मुलानं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर ठिपक्यांकडे बघत होते. शेवटी त्यानं पट्ट्यातून किल्ली सोडवली. ती डबीत खट्कन पडली.

"मग कपाट उघडायचं कसं?" तो पुटपुटला.

"घरात कोळशाची जुनी इस्त्री आहे. एक घाव पुरेल कुलपाला. पोरीला समोर उभी करून घालणार आहे."

तिनं झाकण घट्ट लावलं आणि डबी डॉक्टरांच्या हातात ठेवली. त्यांनी ती हलवून पाहिली. आत किल्ली खुळखुळली.

"अहो मावशी, यात पोटातलंच लागतं..."

"पोटातलंच आहे," इस्त्रीबाई म्हणाली. "इतकी वर्षं गिळून बसले होते."