मागच्या दारावरची थाप

सायकल दिसली की टॅक्सीवाल्याच्या डोक्यात तिडीक जायची. "रस्ता काय यांच्या बापाचा?" म्हणत तो गाडी अशी दाबायचा, की सायकलवाल्याने गटाराकडेला पायच टेकावा. एखादा चिडून मागच्या दारावर थाप मारायचा. याला उलट हसू यायचं.

मग एक दिवस त्या दारावर पंजाएवढा फुगवटा आला. गॅरेजवाल्या मेहुण्याने त्यावरून हात फिरवला आणि त्याचं तोंड उतरलं.

"दाजी, बाहेरून मारलं तर पत्रा आत जातो. हा बाहेर आलाय."

"तू ठोकून सपाट कर. मला अक्कल शिकवू नकोस."

मेहुण्याने ठोकून दिला. सकाळी फुगवटा पुन्हा होता तिथेच होता.

त्याच सकाळी त्याने कामावर निघालेल्या एका सायकलवालीला गटाराकडे दाबलं. दारावर थाप बसली. तो हसला आणि त्याने आरशात पाहिलं. बाई बरीच मागे राहिली होती, दोन्ही हात हँडलवर.

सिग्नलला ती शेजारी येऊन थांबली. तिचं कोपर सोललं होतं. तो तोंडात शिवी घेऊन तयारच होता. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती मागच्या काचेतून आत बघत होती.

"माझं राहू द्या," ती म्हणाली. "आत एवढ्यांना कोंबलंय, आधी त्यांना तरी उतरवा. केव्हाचे दार बडवताहेत."

सकाळपासून टॅक्सीत एकही भाडं बसलं नव्हतं.

सिग्नल सुटला, ती निघून गेली. मग त्याच्या सीटच्या पाठीवर, खांद्यांच्या बरोबर मध्ये, थाप पडली.