उलटं धरून पाहू

"समजा, दोनाचं वर्गमूळ परिमेय आहे," भूमिकानं मोठ्यानं वाचलं आणि ती पुन्हा तिथंच थांबली.

सकाळपासून ती या एका ओळीपुढं सरकली नव्हती. बीएस्सीचं पहिलं वर्ष, आणि उद्या पेपर. अरुंधती मॅडम तिला वर्गात सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "जे सिद्ध करायचं, त्याच्या उलट मानायला एवढी घाबरतेस कशाला?" आता मॅडमना काय सांगणार? भूमिकाच्या घरात अभद्र बोलायची सोयच नव्हती. वास्तू तथास्तु म्हणते, हे आईनं लहानपणापासून बजावलेलं. बाबा बेपत्ता झाल्यापासून तर 'नाही' हा शब्दसुद्धा चपलांसारखा दाराबाहेर काढून यावं लागे.

"काय वाचून राहिली वं? मघापासून तेच तेच," मेथी निवडता निवडता यमुताईंनी, तिच्या आईनं, विचारलं.

"सिद्धता आहे, आई. आपल्याले जे खरं वाटते, ते खोटं आहे असं धराचं. मंग तसंच पुढं पुढं जाचं. कुठंतरी अडते. अडलं, की आपलंच खरं."

"अडतेच?"

"आपलं खरं असलं तर अडतेच."

यमुताईंचे हात थांबले. त्यांनी खिडकीकडं पाहिलं. तिथं भूमिकाच्या बाबांचा, मनोहररावांचा चष्मा होता. तीन वर्षांपूर्वी ते कळमेश्वरच्या कारखान्यात ड्युटीवर जातो म्हणून निघाले आणि चष्मा घरीच राहिला. कारखान्यात ते पोचलेच नाहीत. पोलीस थकले, नातेवाइकांनी हात टेकले, यमुताई मात्र देव पाण्यात घालून बसलेल्या. चष्म्याशिवाय मनोहररावांना बसची पाटी वाचता येत नाही, तो न्यायला तरी ते येतीलच, हे त्यांचं ठाम म्हणणं. म्हणून रोज आंघोळ झाली की त्या चष्मा पदरानं पुसत आणि काचा दाराकडं करून ठेवत.

"मंग धर," त्या म्हणाल्या. "तुझे बाबा येनार नाही, असं धर."

भूमिकानं वहीतून मान वर केली. "आई, घरात असं..."

"धर म्हणते ना! अडू दे एकदाचं. लोकायचं तोंड तरी बंद होईन."

भूमिकानं धरलं. बाबा येणार नाहीत. मग त्यांचा फोन बंद असणार. तो बंदच होता. आजीच्या तेरवीलाही ते दिसणार नाहीत, दिसले नव्हते. दिवाळ्या, तिचा बारावीचा निकाल, सगळं गुपचूप त्या एका ओळीखाली येऊन बसलं. कुठं काही खटकेना.

"आन चष्मा?" यमुताईंनी घाईघाईनं विचारलं. "चष्मा घे ना त्यात. तिथं अडन."

भूमिकानं चष्माही घेतला. पाटी वाचता न येणारा माणूस चष्मा घरी ठेवून निघतो. ज्याला कुठं पोचायचंच नाही, त्याला पाटी कशाला वाचायची? ज्या एका वस्तूवर आईनं आजवर दम धरला होता, तीच सगळ्यात नीट बसली होती.

"अडलं का वं?"

सिद्धतेत खोटं चालत नाही, असं मॅडम सांगत.

"अडलं, आई," भूमिका म्हणाली. "चष्म्यापाशीच अडलं."

यमुताईंनी लेकीच्या तोंडाकडं नीट पाहिलं. मग त्या उठल्या. चष्मा पदरानं पुसला, पण खिडकीत ठेवला नाही. काड्या मिटून तो पेटीत, मनोहररावांच्या कपड्यांखाली ठेवून दिला.