हिरवा त्रिकोण

शालूबाईंनी पत्र्यावरचं पोतं ओढून काढलं आणि मलिहाच्या तोंडचं पाणीच पळालं.

भिंतीला टेकवलेली ती उंद्रीच्या स्टँडवरच्या कृषी केंद्राची जुनी पाटी होती. वर दुकानाचं नाव, मध्ये फुटलेल्या बोंडांचं कपाशीचं झाड, शेजारी औषधाचा डबा. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत सही : रज्जाक पेंटर, नांदुरा. अब्बांना जाऊन सात वर्षं झाली होती. त्यांची सही अशी कुणाच्या तरी ओसरीवर भेटेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"अशीच पाह्यजे होती ना तुमाले?" शालूबाईंनी विचारलं.

अशीच हवी होती. पुढच्या आठवड्यात मुंबईच्या गॅलरीत मलिहाचं प्रदर्शन लागायचं होतं. फवारणीच्या विषबाधेवरचा उतारा गावोगावच्या दवाखान्यात मिळावा, म्हणून दोन वर्षं ती घसा कोरडा करत होती. सह्या झाल्या, मोर्चे झाले, डिझाइनच्या मेळ्यांमध्ये भाषणं झाली, टाळ्याही पडल्या. आता शहरातल्या माणसांपुढे खरी वस्तू ठेवायची होती. पाटी पुसू नका, गंज तसाच राहू द्या, असं गॅलरीवाल्यांनी तीनतीनदा बजावलं होतं. त्यांना गंजाचं भारी कौतुक.

"दुकानवाल्यानं नवी पाटी लावली अन् हे भंगारात देऊन राह्यला होता," शालूबाई म्हणाल्या. "म्या डोक्यावर आनली घरी. ह्याच्यासाठी."

त्यांचं बोट डब्याच्या चित्रावर होतं, त्यावरच्या लहानशा त्रिकोणावर. रंग पार उडाला होता. कुठं पिवळट डाग, कुठं नुसता पत्रा.

"हा तिकोन हिरवा होता, बाई. हिरवागार. कृषीवाल्या साहेबानं सभेत सांगतलं होतं, लाल तिकोन असला तं जहर कडक, हिरवा असला तं भेव नाही. आमाले वाचता येत नाही, पन रंग तं कळते ना? बीटी पेरली तवा म्हने फवारा लागनारच नाही. मंग अळी आली, अन् लागला फवारा. दुकानवाला औषध सुटं ओतून द्याचा, पान्याच्या बाटलीत. बाटलीवर काहीच नाही. म्हून पुष्पीचे बाबा पाटीसमोर उभे राह्यले. डबा पाह्यला, तिकोन पाह्यला. मी संगंच होती. मले म्हने, हिरवा हाय, काही होत नाही. तीन दिवस उघड्या तोंडानं फवारलं त्याईनं."

चौथ्या दिवसाबद्दल त्या बोलल्या नाहीत. तो मलिहाच्या फायलीत होता : इंद्रभान, वय बेचाळीस, दवाखान्यात उतारा नव्हता.

"लोक म्हनतात, त्याईनं मुद्दाम घेतलं. कोनी म्हनते, दारू पिऊन होते. मी सांगून सांगून थकली का पाहूनच फवारलं म्हून. पन रंगच उडाला, कोनाले पटते? आता तं पोरगीबी म्हनते, आई, तिथं पिवळं दिसते." शालूबाईंनी पदराने तो त्रिकोण हलकेच टिपला. "तुमी चितारी ना? न्याच्या आंधी तेवढा हिरवा मारून द्या. मंग खुशाल न्या मुंबईले."

ही पाटी रंगवली तेव्हा मलिहा चौदा वर्षांची होती. अक्षरं अब्बा काढत होते, डबा तिच्या वाट्याला आला होता. नमुन्याचा डबा समोरच ठेवलेला होता आणि त्यावरचा त्रिकोण लाल होता, हे तिने नीट पाहिलं होतं. पण लाल रंग दुकानाच्या नावालाच संपला. कुंचल्याला पानांचा हिरवा लागलेला होता, तोच तिने भरून टाकला. अब्बा चार पावलं मागे सरले, मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाले, "वा बेटा, हरा खूब जचा." त्या शाबासकीवर ती दिवसभर तरंगत होती.

आता गप्प बसणं फार सोपं होतं. अब्बा नव्हते, दुकानदाराला आठवत नसणार. गॅलरीवाले रंग लावू देत नाहीत, एवढंच म्हणून पाटी गाडीत घालायची. हे वाक्य तिच्या ओठांवर आलंसुद्धा. स्वतःची तिला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"मावशी," ती म्हणाली, आणि पुण्यात कमावलेली भाषा तिच्या तोंडातून गळून गेली. "रज्जाक पेंटर माहे अब्बा. हा तिकोन म्या रंगवला. लालच पाह्यजे होता. लाल संपला, म्हून म्या हिरवा भरला."

मलिहा शिवीची वाट पाहत राहिली. शिवी आली असती तर बरं वाटलं असतं. शालूबाईंनी तिचा उजवा हात ओढून घेतला आणि एकेक बोट उलटसुलट करून पाहिलं. पकड इतकी घट्ट होती की मनगट दुखायला लागलं.

"म्हंजे हिरवाच होता," त्या म्हणाल्या. मग हात न सोडता घरात तोंड करून ओरडल्या, "पुष्पे! बाहेर ये."

दारात मुलगी येऊन उभी राहिली, पिठाच्या हातांनी.

"सांगा तिले. मले सांगतलं तसंच सांगा."

मलिहाने सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते जास्त जड गेलं. पुष्पीने आधी पाटीकडे पाहिलं, मग आईकडे, आणि तिथंच उंबऱ्यावर खाली बसली.

मलिहाने मोकळ्या हाताने पिशवीतून रंगाची डबी काढली. शालूबाईंनी ती तिच्या हातातून घेतली आणि परत पिशवीत टाकली.

"रंग राहू द्या आता," त्या म्हणाल्या. "मुंबईत पाटीपाशी तुमीच उभ्या राहा."